उद्यान मंडळाने लावलेली ४० झाडे आणि त्यांचे दोन उन्हाळे

जळगाव शहराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या आमच्या कॉलनीत एका स्थानिक हौशी उद्यान मंडळाने ४० झाडे लावली, त्याला आता दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पूर्ण झाले असून, एवढा काळ थांबल्यानंतरच मी हा अभिप्राय लिहायला बसलो आहे. लागवड झाली त्या आठवड्यातच लिहावे असा आग्रह काही रहिवाशांनी धरला होता. पण खानदेशात आषाढात लावलेले कोणतेही रोप हिरवेच दिसते आणि त्याचा खरा कस वैशाखात लागतो. पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते आणि काळ्या जमिनीला हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या दिवसांत रोपाजवळ कोण आले, किती वेळा आले आणि काय घेऊन आले, यावरूनच अशा सेवेची पारख करावी असे माझे मत आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याच दृष्टीने लिहिले आहे.

कॉलनीच्या रहिवासी समितीचा सचिव असल्यामुळे मंडळाशी झालेला सगळा व्यवहार माझ्या हातून झाला. मंडळ प्रत्येक झाडामागे ४०० रुपये घेते. त्यात रोप, शेणखत आणि निंबोळी पेंड, आधाराची काठी, बांबूच्या कामट्यांचे कुंपण आणि तीन वर्षांची देखरेख येते. खड्डे खणून देण्याची आणि नेहमीचे पाणी घालण्याची जबाबदारी रहिवाशांची असते. मंडळाचे सदस्य महिन्यातून एकदा, आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत दर पंधरा दिवसांनी पाहणीसाठी येतात. हे सदस्य म्हणजे कोणी पगारी माणसे नव्हेत. निवृत्त शिक्षिका, केळीचे एक बागाईतदार, एक औषध दुकानदार, गच्चीवर कुंड्यांची बाग फुलवणाऱ्या आठ-दहा गृहिणी आणि रोपवाटिकेत काम करणारे एक वयस्क माळीदादा, अशी ही साधी मंडळी आहे. गुलाबाची कलमे, घरच्या ओल्या कचऱ्याचे खत आणि हिवाळ्यातले पुष्पप्रदर्शन यांपुरतेच हे मंडळ पूर्वी होते आणि सार्वजनिक जागेतली झाडे त्याने गेल्या काही वर्षांतच हाती घेतली, असे त्यांनीच मला सांगितले.

बागेची हौस असलेल्या माणसांनी एकत्र यावे आणि हळूहळू स्वतःच्या कुंपणाबाहेर लक्ष घालावे, हा प्रवास पुष्कळ ठिकाणी झालेला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या गावी १८९१ मध्ये तेथील स्त्रियांनी स्थापन केलेला उद्यान क्लब हा त्या देशातला पहिला मानला जातो; पुढे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या 'गार्डन क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेने १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातील रेडवूड वृक्षांची राई वाचवण्यासाठी पैसा उभा केला. आपल्याकडे कोलकात्याची कृषी-उद्यान संस्था विल्यम केरी यांनी १८२० मध्येच सुरू केली होती. आमच्या मंडळातील शिक्षिकाबाईंना हा इतिहास चांगला ठाऊक आहे आणि त्या तो शाळेतल्या मुलांना सांगतातही. मला त्यातून समजलेली गोष्ट अशी की, कुंडीतले एक रोप रोज सकाळी निरखून पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला रस्त्याकडेच्या झाडाचे पान पिवळे पडलेले लांबूनही दिसते. अशी नजर असलेली माणसे मोबदला देऊन मिळत नाहीत.

मंडळाकडे जाण्यापूर्वी आम्ही एकदा हात पोळून घेतलेले होते. पाच वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून कॉलनीच्या मोकळ्या जागेत ६० रोपे लावून घेतली होती. मांडव, फीत, पाहुणे, छायाचित्रे असे सगळे झाले, पण पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्यातली चारच रोपे जिवंत राहिली. 'इथली जमीनच खराब आहे' असे तेव्हा आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही ते खरे मानून बसलो. मंडळाच्या पहिल्या पाहणीच्या दिवशी माळीदादांनी त्या वाळलेल्या रोपांपैकी एकाचा बुंधा धरून हलवला, तेव्हा तो मुळासकट सहज वर आला. काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच्या तशी होती. त्यांनी ती विळ्याने कापून आतला मातीचा गोळा आमच्यासमोर फोडला. मुळे पिशवीच्या तळाशी स्वयंपाकघरातल्या चुंबळीसारखी गोल गोल गुंडाळली गेली होती आणि एकही मूळ बाहेरच्या मातीपर्यंत पोहोचलेले नव्हते. जमिनीला दोष द्यायचे कारणच उरले नाही. त्या गोळ्याकडे पाहताना आम्हा समितीतल्या तिघांनाही मनापासून वाईट वाटले, कारण ती ६० रोपे आमच्या देखतच लावली गेली होती आणि पिशवी काढली का, हे आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.

रोप कोणते लावायचे हे ठरवण्यासाठी मंडळाने पुढे तीन आठवडे घेतले, आणि हा मला या सेवेचा सर्वांत चांगला भाग वाटतो. कॉलनीचा वरचा भाग मुरमाड आहे, तर खालचा, नाल्याकडचा भाग काळ्या चिकण मातीचा आहे. दोन्हीकडे दोन-दोन खड्डे खणून, त्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे त्यांनी घड्याळ लावून पाहिले. मुरमाड भागासाठी अंजन, बहावा आणि कडुनिंब, काळ्या जमिनीसाठी पळस, करंज आणि भोकर, तर अगदी नाल्याच्या काठाला अर्जुन आणि उंबर, अशी निवड झाली. काही रहिवाशांना गुलमोहर हवा होता, कारण तो लवकर वाढतो आणि उन्हाळ्यात डोळ्यांत भरतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याच्या फांद्या ठिसूळ आणि वळवाच्या वादळात तो हमखास मोडतो, हे मंडळाने शांतपणे समजावून सांगितले. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाची मागणी मात्र त्यांनी स्पष्टपणे नाकारली. आपल्या शेजारच्या गुजरात राज्याने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातलेली असताना आपल्याकडच्या नव्या वसाहतींत ते रांगेने लावले जाते, याची त्यांना खंत वाटते आणि मलाही वाटते.

अंजनाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हे झाड खानदेशाचे असूनही शहरात वाढलेल्या आमच्या मुलांना ते ठाऊक नव्हते. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या उघड्या, खडकाळ टेकड्यांवर आणि सातपुड्याच्या उतरणीवर ते उभे असते. त्याचे पान आपट्यासारखे जोडपान, पण कितीतरी लहान. चैत्रात येणारी कोवळी पालवी तांबूस असते, आणि तिच्यावर वारा फिरला की सगळे झाड थरथरताना दिसते. लाकूड भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक आहे. दुष्काळात गुरांना हाच पाला तारतो, हे आमच्या वडिलांच्या पिढीला माहीत होते. असे हे चिवट झाड बालपणी मात्र फार नाजूक असते. बी रुजले की ते वर वाढण्याच्या आधी सोटमूळ खाली पाठवते, आणि वर वीतभर रोप दिसत असताना खाली मूळ त्याच्या कितीतरी पट लांब गेलेले असते. नेहमीच्या आखूड पिशवीत हे मूळ वळते आणि झाड जन्माचे अधू होते. म्हणून मंडळाने अंजनाची रोपे मुद्दाम हातभर लांब, अरुंद पिशव्यांत वाढवली होती. बी कोठून आणले असे विचारल्यावर, राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही उचलायचे नाही असा आमचा नियम आहे, हे बी रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या झाडांखालून वेचलेले आहे, असे उत्तर मिळाले.

लागवडीच्या दिवशी मांडव नव्हता. सकाळी सातला पाऊस भुरभुरत असताना मंडळाच्या बारा सदस्यांनी घरटी एका माणसाला एका खड्ड्याजवळ उभे केले आणि प्रत्येकाला रोप स्वतःच्या हाताने लावायला लावले. माझ्या वाट्याला फाटकाजवळचे अंजन आले. शिक्षिकाबाईंनी ब्लेडने पिशवीचा तळ आधी कापला, मग उभा छेद दिला, मातीचा गोळा न फुटता दोन्ही तळव्यांवर तोलून धरला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, रोपाची मान धरू नका, बूड धरा." खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल होता. वरची माती आणि तळची माती खणतानाच वेगळी ठेवलेली होती. वरची कसदार माती शेणखतात कालवून तळाशी घातली गेली. पायाने माती दाबताना बुंध्याला टाच लागू नये, काठी वाऱ्याच्या दिशेने रोवावी आणि सुतळीचा वेढा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल असावा, या गोष्टी मी साठीत पहिल्यांदा शिकलो. रिकाम्या पिशव्या मोजून परत घेण्यात आल्या. ४० रोपे आणि ४० पिशव्या हा हिशेब जुळल्याशिवाय कोणी चहा घेतला नाही.

उन्हाळ्यासाठी त्यांनी केलेली योजना आपल्या भागातल्या माणसालाच सुचावी अशी होती. आखाजीला आपल्याकडे घरोघरी पितरांच्या नावाने नवी घागर भरली जाते आणि तिचेच पाणी पुढे उन्हाळाभर प्यायले जाते. मागच्या वर्षीची घागर मग मोरीच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवर पडून राहते. मंडळाने आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून या जुन्या घागरी गोळा केल्या. वर्षभर वापरलेल्या घागरीची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात आणि ती पुरेशी पाझरत नाही, म्हणून बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापसाची वात घट्ट ओवली आणि घागर रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरली. तोंडावर पणती किंवा फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि डासही होत नाहीत. अशी एक घागर भरली की चार ते पाच दिवस मुळाशी ओल राहते. रोपाभोवती केळीच्या वाळलेल्या पानांचे वीतभर जाड आच्छादन घातले गेले. रावेर-यावलकडून येणाऱ्या केळीच्या पट्ट्यात त्याला काही कमी नाही, आणि मंडळातील बागाईतदार ते स्वतःच्या ट्रॅक्टरमधून विनामूल्य आणून देतात. काळ्या जमिनीत आच्छादनाखालच्या भेगा दर पंधरा दिवसांनी खुरप्याने बुजवाव्या लागतात, नाहीतर भेगेतून शिरलेली गरम हवा मुळे वाळवते. हे काम आमच्या कॉलनीतल्या मुलांनी आवडीने केले.

मंडळाचे जेथे चुकले तेही लिहिणे भाग आहे. पहिल्या वर्षी मे महिन्यात लग्नसराई सुरू झाली आणि मंडळातले बहुतेक सदस्य गावोगावी पांगले. त्याच सुमारास आमच्या कॉलनीचा पाणीपुरवठा लांबला, टँकरचे पाणी पिण्यापुरतेच मिळू लागले, आणि रहिवाशांनी घागरी भरणे थांबवले. मी मंडळाच्या क्रमांकावर चार वेळा दूरध्वनी केला. ठरलेली पाहणी चुकली आणि ११ दिवस कोणी फिरकले नाही. त्या ११ दिवसांत सहा रोपे गेली. त्यांत तीन करंजे होती आणि दोन बहावे, जे तोवर कमरेएवढे झाले होते. पाण्याची मूळ जबाबदारी रहिवाशांची होती हे मला मान्य आहे, पण अडचणीच्या काळात दर पंधरा दिवसांनी येण्याचे ज्यांनी कबूल केले होते, त्यांनी आपल्यामागे पर्यायी माणूस नेमून जायला हवे होते. मी हे त्यांच्या बैठकीत जाऊन बोललो. तेथे वाद झाला नाही. कोपऱ्यात बसलेल्या माळीदादांनी आपल्या बोलीत एवढेच विचारले, "लगनम्हा सगया गयात, तं पानी कोन टाकी?" आणि त्याच बैठकीत उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी आठवडावार पाळी लावली गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती पाळी एकदाही चुकली नाही, याचा मी साक्षीदार आहे.

त्यांची नोंदवही मी याच बैठकीत पहिल्यांदा नीट पाहिली, आणि माझे मत खऱ्या अर्थाने तेथे बनले. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार रोजमेळासाठी वापरतात तशी ती लांबट चोपडी आहे. प्रत्येक झाडाला एक ओळ आहे : क्रमांक, जागा, जात, बी कोठले, लावल्याची तारीख, दर पाहणीला मोजलेली उंची. शेवटच्या रकान्यावर 'गेले' असे लिहिलेले आहे आणि त्यापुढे कारण. आमच्या पानावर क्रमांक ५ आणि ८ समोर 'खड्ड्यात पाणी साचले. काळ्या जमिनीत रोप उंचवट्यावर लावायला हवे होते' अशी पहिल्या पावसाळ्यातली नोंद होती. क्रमांक १७ समोर निळ्या शाईत लिहिले होते : 'करंज. गेले. ११ दिवस पाणी नाही. पाहणी चुकली, चूक आपली.' मी आयुष्याची ३४ वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालवली आहेत. स्वतःच्या हाताने स्वतःची तूट इतक्या स्वच्छ अक्षरात मांडणारे खाते मी फार थोडे पाहिले. वनमहोत्सव १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केला, तेव्हापासून दर जुलैत किती रोपे लावली याचे आकडे आपण वाचत आलो आहोत, पण किती गेली आणि का गेली हे लिहिलेली वही सामान्य नागरिकाला कोणी उघडून दाखवल्याचे मला आठवत नाही. या मंडळाची वही कोणालाही मागितल्यावर पाहायला मिळते.

पहिल्या वर्षी गेलेल्या आठही रोपांच्या जागी पुढच्या पावसाळ्यात विनामूल्य नवी रोपे लागली आणि काळ्या जमिनीतली रोपे या वेळी वीतभर उंचवट्यावर लावली गेली. दुसऱ्या वर्षी एकच झाड गेले, तेही कुंपण मोडून आत शिरलेल्या शेळीमुळे. दुसरा उन्हाळा सरला तेव्हा ३९ झाडे उभी होती. फाटकाजवळचे माझे अंजन वर्षभर जेमतेम गुडघ्याएवढे होते आणि मला त्याची काळजी वाटत असे. या चैत्रात ते एकदम माझ्या छातीपर्यंत आले.

इतर तक्रारी किरकोळ आहेत, तरी नोंदवतो. कामट्यांची कुंपणे जेथे तारेने आवळलेली होती, तेथे दोन कडुनिंबांच्या सालीत तार रुतू लागली होती आणि ती सैल करायला मंडळाने उशीर केला. एक रोप विजेच्या तारांच्या अगदी खाली लावले गेले होते, ते आमच्या एका रहिवाशाने दाखवून दिल्यावर त्याच पावसाळ्यात हलवले. मंडळाची बैठक महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला असते, जी वेळ एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या आमच्या निम्म्या रहिवाशांना सोयीची नाही. तालुक्याच्या गावांपर्यंत ही मंडळी अजून पोहोचू शकत नाहीत.

जेथे या मंडळाची खरी विद्या दिसते, त्या मेहरूणच्या बोराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. जळगावच्या मेहरूण तलावाच्या परिसरातली बोरे एके काळी नावाजलेली होती, आणि 'मेहरूण' ही बोराची जात फळबागेच्या पुस्तकांतही याच नावाने आढळते. शहर वाढत गेले तशी त्या परिसरात घरे झाली आणि बोरी तुटत गेल्या. बी लावून ही जात जशीच्या तशी मिळत नाही, कारण बोराच्या बियांपासून येणारे झाड आईसारखे फळ देईलच असे नसते. त्यासाठी डोळाच भरावा लागतो, म्हणजे हव्या त्या झाडाच्या फांदीवरचा अंकुर दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवावा लागतो. मंडळाने आमच्या नाल्याकाठच्या चार रानबोरी निवडल्या. बोरीच्या सोटमुळाला उपटून हलवणे मानवत नाही, म्हणून खुंट आहे त्याच जागी ठेवून त्यावर डोळा भरणे सर्वांत चांगले, हे माळीदादांचे म्हणणे फळबागेच्या शास्त्रालाही धरून आहे. उन्हाळ्यात रानबोरी जमिनीपासून वीतभरावर छाटल्या, त्यांना नवी सरळ फूट येऊ दिली, आणि ती पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर, पहिल्या पावसानंतरच्या ढगाळ सकाळी, एका जुन्या मेहरूणच्या झाडावरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले डोळे त्यांनी भरले. सालीवर धारदार चाकूने काप घेऊन साल किंचित उचलायची, ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवायचा आणि डोळ्याचे टोक तेवढे उघडे ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने वरून-खालून घट्ट बांधायचे. हे सगळे त्यांच्या हातून मिनिटभरात झाले, पण ते पाहताना आम्ही वीस-पंचवीस माणसे श्वास रोखून उभे होतो. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा चारपैकी तीन डोळे हिरवे होते. डोळ्याच्या खालून फुटणारी रानफूट दर पंधरवड्याला खुडत राहावी लागते, नाहीतर ती वरच्या कलमाला मारून टाकते. हे काम समोरच्या घरातल्या आजींनी आपणहून स्वीकारले आहे आणि त्या त्या बोरींना नातवंडांसारखे जपतात. जंगल राखणे हे मोठे काम आहे आणि ते करणारी माणसे आपल्याच भागात आहेत. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने राखलेले जंगल आणि त्यासाठी त्यांना २०२५ मध्ये मिळालेला पद्मश्री सन्मान सर्वांना माहीत आहे. पण एका गावाच्या नावाने ओळखली जाणारी बोराची जात वाचवायला चाकू चालवणारा हात लागतो, आणि तो हात उद्यान मंडळातच सापडतो.

जुन्या झाडांसाठीही मंडळाने कॉलनीत बरेच काम केले. आमच्या मारुतीच्या पारावरचा कडुनिंब, ज्याला आखाजीला मुली झोका बांधतात, तो चारही बाजूंनी सिमेंटने बुजवलेला होता. दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट मीटरभर अंतरापर्यंत काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता, याची आठवण देऊन मंडळाने आमची समजूत घातली, आणि दोन रविवार खपून बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी केली. त्याच झाडातून जाहिरातींचे आणि फलकांचे ६३ खिळे निघाले. आणखी काही इतके जुने होते की सालीने त्यांना गिळून टाकले होते. ते ओरबाडून काढू नयेत, तसेच राहू द्यावेत, असे त्यांनी सांगितले. शहरी भागातील झाडांसाठी आपल्याकडे १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते, ही माहितीही आम्हाला त्यांच्याकडूनच मिळाली. या कडुनिंबाचा घेर मोजून त्यांनी त्याची नोंद वहीत वेगळ्या पानावर केली आहे.

ज्या वसाहतींना, शाळांना किंवा देवस्थानांना ही सेवा घ्यायची असेल, त्यांनी चैत्रातच विचारणा करावी, कारण मातीची पाहणी आणि रोपांची निवड यांत वेळ जातो आणि मृगाच्या तोंडावर येणाऱ्यांना मंडळ पुढच्या वर्षीचा क्रमांक देते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येते, हे पहिल्याच भेटीत खरे सांगावे. त्यावरच झाडांची संख्या ठरते आणि आमची मूळ मागणी १०० झाडांची असताना त्यांनी ती ४० वर आणली ते याच कारणाने. खड्डे वैशाखातच खणून उन्हात तापू द्यावेत. घरातल्या जुन्या घागरी फोडू नयेत.

आमच्या करारातला तिसरा आणि शेवटचा उन्हाळा अजून यायचा आहे. शेळीने खाल्लेल्या भोकराच्या जागी नवे भोकर गेल्या रविवारी लागले असून त्याला जुनाच क्रमांक, २३, दिलेला आहे. पुढच्या ज्येष्ठात शेवटची मोजणी होईल, आमच्या कॉलनीचे पान वहीतून उतरवून आमच्या ताब्यात दिले जाईल, आणि त्यापुढची नोंद आम्ही ठेवायची आहे. त्यासाठी तशीच एक लाल पुठ्ठ्याची चोपडी मी कालच आणून ठेवली.